एक मूठ खाद्य, एक जुडी पालक

कोकणातल्या जुन्या घरामागे गेलात की मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे हमखास अळू दिसतं. त्यापुढे दोन केळी, कडेला कर्दळ. त्यांना कुणी खत घातलेलं नसतं. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, पाटा धुतलेलं पाणी वाहत येतं आणि अळवाची पानं सुपाएवढी होतात. आमच्या आजोळी वडीचं अळू वेगळं लावायचे, पण फतफत्याचं अळू मोरीमागचंच. घराने टाकलेलं अळू खातं आणि घर अळू खातं, इतका सरळ हिशेब.

आता त्या मोरीच्या जागी मासे ठेवून बघा. परसदारी छोटं तळं किंवा सिमेंटचा हौद आहे, त्यात दहाबारा मासे आहेत. ते खातात, श्वास घेतात, घाण करतात. तेच पाणी पंपाने उचलून खडीच्या वाफ्यातून फिरवलं, वाफ्यात पालक-पुदिना लावला आणि खाली गळणारं पाणी परत तळ्यात सोडलं, की झालं. माती नाही म्हणून हे हायड्रोपोनिक्सचंच भावंड. फरक एवढाच की हायड्रोपोनिक्सवाला खताच्या पुड्या पाण्यात विरघळवतो आणि इथे ते काम मासे करतात. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. मेक्सिकोत सोचिमिल्कोच्या उथळ तलावात गाळाचे वाफे रचून शेती करायचे. चीनमध्ये भातखाचरात मासे सोडतात. आपल्या शेजारी गोव्यात खाडीकाठच्या खाजन जमिनीत भात आणि मासळी एकाच बांधाआड, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पिकतात.

इतकं सोपं वाटतं, म्हणूनच बहुतेकांचे पहिले मासे मरतात. माझेही मेले.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. हौद नवा होता, पाणी काचेसारखं स्वच्छ. एका शनिवारी तीस गोल्डफिश आणले आणि सगळे एकदम सोडले. घरातली पोरं दिवसातून चार वेळा मूठभर खाणं टाकायची, आणि मासेही ते खायचे. पाचव्या दिवशी पहाटे बघतो तर सगळे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं उघडून, कल्ले भराभर हलवत उभे. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पाणी बदला. मी हौद रिकामा केला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत एकही मासा उरला नाही.

पाणी स्वच्छ दिसत होतं, हीच फसगत. त्यात जे विष होतं त्याला रंग नसतो. आणि ज्यांनी ते विष पचवायचं होतं, ते अजून हौदात राहायला आलेच नव्हते.

तिसरा भिडू

मासे आणि झाडं यांच्यामध्ये तिसरं कुणीतरी असतं, आणि तेच खरं काम करतं. ते दिसत नाही म्हणून त्याचा विसर पडतो.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचं शरीरात विघटन होतं आणि उरलेलं नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर पडतं. आपल्यासारखं लघवीतून नव्हे, बरंचसं थेट कल्ल्यांतून. म्हणजे मासा श्वास घेता घेताच अमोनिया सोडत असतो. त्यात तळाशी सडणारी विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य यांची भर. हा अमोनिया माशांना घातक. झाडं तो थोडाफार घेतात, पण मोठ्या प्रमाणात नाही.

इथे जिवाणू येतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना वाईट. ते रक्तात शिरलं की रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते, रक्त चॉकलेटी पडतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र माशांना बऱ्याच प्रमाणात सोसतं आणि झाडांचं तर ते मुख्य जेवण. म्हणजे विषाचं खत होईपर्यंत दोन पायऱ्या, आणि दोन्ही पायऱ्यांवर माणसं वेगळी.

हे जिवाणू पहिल्यांदा वेगळे करून दाखवले ते सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने, १८९० च्या सुमारास. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं असंच मानलं गेलं की या दोन पायऱ्या एकटा जिवाणू करूच शकत नाही. २०१५ मध्ये दोन्ही कामं एकहाती करणारा जिवाणू सापडला. तो सापडलेल्या ठिकाणांपैकी एक कुठलं, तर मासे पाळायच्या टाक्यांना जोडलेली गाळणी. मला ही गोष्ट फार आवडते. तुमच्या माझ्या हौदाशेजारच्या खडीत जे चाललेलं असतं, तसल्याच घाणीत विज्ञानाची एक जुनी समजूत मोडली.

या जिवाणूंचा स्वभाव ओळखला की निम्मी अडचण संपते. ते पाण्यात तरंगत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात: खडी, पाइपची आतली बाजू, मुळं, हौदाची भिंत. त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. उन्हाचा थेट मारा चालत नाही. आणि ते हळू वाढतात. इतर कितीतरी जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना अर्धा ते एक दिवस लागतो, थंडीत त्याहूनही जास्त. म्हणून नवा हौद तयार व्हायला तीन ते सहा आठवडे जातात. माझे गोल्डफिश पाच दिवसांत मेले याचं कारण हे. वर नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने जे थोडेफार जिवाणू आले असतील तेही गेले आणि माशांचे कल्लेही भाजले.

मासे न सोडताच हौद तयार करता येतो, आणि मला विचाराल तर तसाच करावा. त्यासाठी अमोनिया आपण घालायचा. कल्हईवाला भांडं तापवून त्यावर जी पांढरी पूड टाकतो आणि भपकन धूर निघतो, तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. इथे तोच लागतो, फक्त कल्हईच्या पुडीत काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून रसायनांच्या दुकानातून शुद्ध आणायचा. हजार लिटर पाण्याला साधारण आठ ग्रॅम घातला की लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया-नत्र होतं. मग शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणाऱ्या टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी मोजत राहायचं. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. मग नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट चढतं. आज घातलेला आठ ग्रॅमचा डोस उद्या याच वेळेपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींत शून्य दिसला की तिसरा भिडू घरी राहायला आला असं समजा. कुणाच्या जुन्या, निरोगी हौदातली दोन ओंजळ खडी मिळाली तर हे बरंच लवकर होतं. दुधाला विरजण लावतात तसंच.

मुठीचा हिशेब

लोक विचारतात, दोन हजार लिटरच्या तळ्यावर किती झाडं लावता येतील? हा प्रश्नच चुकीच्या टोकाला धरलेला आहे. तळं किती लिटरचं आहे यावर झाडं ठरत नाहीत. रोज किती खाद्य टाकता यावर ठरतात. पाणी हे नुसतं वाहन आहे. माल खाद्यातून येतो.

आकडे मांडू. माशांच्या खाद्याच्या पिशवीवर ३२ टक्के प्रथिनं लिहिलेलं असेल, तर १०० ग्रॅम खाद्यात ३२ ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणजे पाच ग्रॅम. त्यातलं पाव ते एकतृतीयांश मासा स्वतःच्या अंगात जिरवतो. उरलेलं साडेतीन ग्रॅमच्या आसपास नत्र पाण्यात येतं.

आता एक नेहमीचं घरगुती तळं घेऊ. दोन हजार लिटर पाणी, दीडशे ग्रॅम वजनाचे बारा कोई मासे. एकूण मासे १.८ किलो. वाढलेल्या माशाला रोज वजनाच्या एक ते दोन टक्के खाद्य पुरतं, म्हणजे दिवसाला सुमारे २७ ग्रॅम, मोठ्यांच्या हातची एक छोटी मूठ. पालेभाजीला दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हा लहान पद्धतीसाठी सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे. टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांना ५० ते ८०. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षं हेच प्रमाण मोजलं आणि तरंगत्या वाफ्यांसाठी ६० ते १०० ग्रॅमचा आकडा दिला. आपण खालचा धरला तरी २७ ग्रॅमवर अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त होतं. म्हणजे पालकाची बारा-पंधरा रोपं.

बस्स, एवढीच. तळं दोन हजार लिटरचं, आणि भाजी एका पाटाएवढ्या जागेत.

दुसऱ्या बाजूनेही पडताळून बघता येतं. २७ ग्रॅम खाद्यातून दिवसाला साधारण एक ग्रॅम नत्र पाण्यात येतं. १०० ग्रॅम ताज्या पालकात जेमतेम अर्धा ग्रॅम नत्र असतं. तेव्हा सगळंच्या सगळं नत्र पालकाने घेतलं तरी कागदावर दिवसाला दोनशे ग्रॅम पाला. प्रत्यक्षात काही गाळात बसतं, काही वायू होऊन हवेत जातं, काही शेवाळ खातं. निम्म्याहून कमी हाती लागतं. दर दोन-तीन दिवसांनी एक जुडी पालक. व्हिडिओत दिसतात तशा लेट्यूसच्या हिरव्यागार रांगा हव्या असतील तर माशांना खाऊ घालायची तयारी ठेवा, आणि ते खाऊ शकतील इतके मासे ठेवा. मग तळं तळं राहत नाही, मत्स्यशेतीची टाकी होते. तिचा पंप, तिची हवा, तिची जोखीम सगळंच बदलतं.

एक शंका इथे नेहमी येते. टेस्ट किटमध्ये तळ्याचं नायट्रेट फारच थोडं दिसतं, हायड्रोपोनिक्सच्या द्रावणात त्याच्या कितीतरी पट असतं. मग झाडं उपाशी राहत नाहीत का? नाही. खिशात किती शिल्लक आहे यावर घर चालत नाही, रोज किती येतं यावर चालतं. मुळांजवळून पाणी दिवसभर वाहत असेल आणि रोज नवा पुरवठा होत असेल तर थोड्याशा नायट्रेटवरही पालक मजेत वाढतो. नायट्रेट फार कमी दिसणं म्हणजे झाडं आल्या आल्या उचलतायत. उलट ते आठवड्यागणिक चढत गेलं तर झाडं वाढवा किंवा मूठ आवळा.

खडी आणि वासुदेवाचा पेला

रोपं थेट तळ्यात थर्मोकोलच्या फळीवर तरंगवता येतात. दिसायला सुंदर. पण कोई आणि गोल्डफिश मुळं खातात, अगदी चवीने. त्यामुळे फळीखाली जाळीचा पिंजरा लागतो. परसातल्या तळ्याला त्यापेक्षा काठावरचा खडीचा वाफा बरा. तो गाळणीचंही काम करतो, जिवाणूंचं घरही होतो आणि झाडांना आधारही देतो.

निळा प्लास्टिकचा ड्रम उभा चिरला की दोन वाफे होतात. ड्रमात आधी काय होतं ते मात्र विचारून घ्या, खाद्यपदार्थांचाच हवा. त्यात फूटभर खोल, अर्धा ते पाऊण इंची खडी. या बाबतीत महाराष्ट्रातला माणूस नशीबवान आहे. दख्खनच्या क्रशरवर मिळणारी खडी काळ्या पाषाणाची असते, आणि तो पाण्यात फारसं काही सोडत नाही. चुनखडीचा दगड आला तर पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, सतत वर चढतो. ओळखायला सोपं आहे: मूठभर खडी वाटीत घेऊन वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर परत पाठवा. खडी सात पाण्यांनी धुवा, नाहीतर पहिला महिनाभर तळ्यात चहा दिसेल. आणि वजन विसरू नका. अर्ध्या चौरस मीटरच्या वाफ्यात खडी आणि पाणी मिळून तीनशे किलोच्या आसपास भरतं. ते लाकडी स्टुलावर किंवा गच्चीच्या कठड्यावर ठेवायचं काम नाही.

वाफा सतत बुडालेला असला तर मुळं आणि जिवाणू गुदमरतात, सतत कोरडा असला तर वाळतात. म्हणून तो भरायचा आणि रिकामा करायचा, भरायचा आणि रिकामा करायचा. पंपाला टायमर लावून हे होतं: पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद. पण त्याहून गमतीची एक युक्ती आहे.

जुन्या घरांत पितळेचा वासुदेवाचा पेला असायचा. मध्ये डोक्यावर बाळकृष्ण घेतलेला वासुदेव. पेल्यात पाणी ओतत गेलं की यमुना चढते, आणि कृष्णाच्या पायाला लागली की सगळं पाणी आपोआप खाली गळून जातं. आत लपवलेली वाकडी नळी भरली की तिच्यातून वक्रनळीचा ओघ सुरू होतो, एवढंच त्याचं रहस्य. वाफ्यात लावतात तो बेल सायफन म्हणजे हाच पेला. वाफ्याच्या तळातून बाहेर जाणारा उभा पाइप, पाण्याची जी पातळी हवी तेवढ्या उंचीचा. त्यावर वरून बंद, तळाशी खाचा पाडलेला जाड पाइप उपडा घातलेला. पाणी आतल्या पाइपच्या तोंडापर्यंत चढतं, सांडू लागतं, आतली हवा ओढून नेतं, ओघ धरतो आणि वाफा एका दमात रिकामा होतो. पातळी खाचांपर्यंत उतरली की तिथून हवा आत शिरते, गुडगुड आवाज येतो आणि ओघ तुटतो. पुन्हा भरायला सुरुवात. वीज फक्त पंपाला, बाकी कृष्णाचे पाय.

पहिल्याच दिवशी हे जमेल असं धरू नका. पंपाचं पाणी फार कमी आलं तर ते नुसतं ठिबकत राहतं, ओघ धरतच नाही. फार जास्त आलं तर ओघ तुटत नाही. नळीला कॉक लावून थोडं इकडे-तिकडे करण्यात माझी एक अख्खी दुपार गेली, आणि ती गुडगुड पहिल्यांदा ऐकली तेव्हा शेजारचे काका भिंतीवरून बघायला आले.

पंप तळ्याचं पाणी एक-दोन तासांत एकदा फिरवेल एवढा हवा. डब्यावर लिहिलेले लिटर हे शून्य उंचीचे असतात. मीटरभर वर चढवायचं तर आकडा बराच उतरतो. पंपाच्या तोंडाला स्पंज लावला असेल तर तो तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत पिळून धुवा, नळाखाली नको. त्यात राहणाऱ्यांना क्लोरिन चालत नाही हे आता सांगायला नको.

पाणी कसं, झाडं कोणती

पीएचची ओढाताण तिघांत आहे. झाडांना थोडं आम्ल पाणी आवडतं, साडेपाच ते साडेसहा. जिवाणूंना सातच्या वर. मासे बऱ्याच श्रेणीत तगतात. म्हणून साडेसहा ते सातच्या आसपासची तडजोड सगळ्यांना चालते. पण देशावर बोअरचं पाणी अनेकदा आठच्या पुढे असतं, आणि तिथे अमोनियाचा वेगळाच खेळ आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच रूप खरं विषारी. तीस अंश तापमानाच्या पाण्यात पीएच सात असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. आठला साडेसात टक्के. साडेआठला वीस. हिरवंगार शेवाळ माजलेल्या तळ्यात दुपारच्या उन्हात पीएच नऊवर जातो आणि तेव्हा जवळजवळ निम्मा अमोनिया विषारी असतो. तोच आकडा, तेच पाणी, सकाळी मासे पोहतायत आणि दुपारी तडफडतायत. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि पीएच नेहमी जोडीने वाचायचे ते यासाठी.

चांगली बातमी ही की जिवाणूंचं काम चालू राहिलं की पीएच हळूहळू आपोआप उतरतो. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी असेल तर उतरायला महिने लागतात. मऊ पाणी असेल तर उलट लक्ष ठेवावं लागतं. तो सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं. मग चिमूट-चिमूट चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून-पालटून. घाईने ॲसिड ओतून किंवा चुना ढोसून पीएच एका दिवसात बदलण्यापेक्षा तो थोडा चुकीचा राहिलेला बरा.

माशांचं खाद्य माशांसाठी बनवलेलं असतं. त्यामुळे झाडांना लागणाऱ्या तीन गोष्टी त्यात कमी पडतात: लोह, पोटॅश आणि कॅल्शियम. कॅल्शियम बोअरच्या जड पाण्यात भरपूर असतं. लोहाची कमतरता सगळ्यात आधी दिसते. नवी, कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, जणू कुणी हिरव्या पेनाने रेघा ओढल्यात. लोक गंजके खिळे टाकतात. त्याने काही होत नाही, कारण गंज पाण्यात विरघळत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह मिळतं, त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं जड पाण्यातही टिकतं. लिटरला दोन मिलिग्रॅम लोह पुरे. दोन हजार लिटरला सहा टक्केवाली पूड साधारण पासष्ट-सत्तर ग्रॅम. पाणी तांबडं होतं, घाबरू नका. पोटॅशसाठी ०:०:५० खत (पोटॅशियम सल्फेट) थोडं थोडं चालतं. पण त्याच कपाटातलं १९:१९:१९ किंवा युरिया मात्र तळ्याच्या जवळही आणू नका. त्यातलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात येतं, आणि आपण इतका वेळ ज्याच्यापासून मासे वाचवतोय ते तेच.

फवारणीचंही तसंच. झाडावर मावा पडला की हात औषधाच्या बाटलीकडे जातो. पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं माशांना अतिशय घातक, थेंबांच्या हिशेबात. तंबाखूचं पाणी, दशपर्णी अर्क हे ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी समजू नका. मासा नैसर्गिक विषानेही मरतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा पाडायचा, जास्त झाला तर ते रोपच उपटायचं. उलट बाजूने, मासे आजारी पडले म्हणून औषध तळ्यात ओतलं तर ते जिवाणूंना आणि तुमच्या ताटातल्या पालकालाही पोचतं. आजारी मासा वेगळ्या टबात न्या.

काय लावावं? पुदिना, कारण तो मरतच नाही. पालक, सब्जा, लेट्यूस. अळू तर उत्तमच, त्याला हेच हवं असतं. नाळीची भाजी मिळाली तर लावा, ती पाण्याचीच आहे. कोथिंबीर उन्हाळ्यात फुलावर जाते, माझं तिच्याशी पटलेलं नाही. टोमॅटो-मिरची पहिल्या वर्षी नको. हौद मुरला, मासे वाढले की मग. कडेला कर्दळ किंवा वाळा लावला की उरलेलं नत्र ते खातात आणि शेवाळाला कमी राहतं. नदीत जलपर्णी का माजते याचं उत्तरही हेच आहे: शहराच्या सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद. तिला मात्र हौदात जागा देऊ नका, महिनाभरात पाणी दिसेनासं होईल.

मासे निवडताना हौस आणि हौद दोन्ही बघा. गोल्डफिश चिवट. कोई फूट-दीड फुटांचे होतात, तेव्हा आजचे बारा पुढे चारच ठेवावे लागतील. रोहू-कटला खायला उत्तम, पण त्यांना खरं तळं लागतं. चिलापी, म्हणजे तिलापिया, चिवट असली तरी ती पाळण्यावर सरकारी अटी आहेत. मांगूरच्या नावाखाली विकला जाणारा आफ्रिकन मांगूर तर भारतात बंदी असलेला मासा आहे. यातला कुठलाही मासा नको झाला म्हणून ओढ्यात सोडू नका. आणि तळं डासांचं घर होऊ नये म्हणून चार गप्पी मासे सोडा. आरोग्य खातं डबक्यांत सोडतं तेच.

उन्हाळा, लोडशेडिंग आणि गावाला जाणं

एप्रिल-मेमध्ये दोन गोष्टी एकदम बिघडतात. पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: वीस अंशांना लिटरला नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. त्याच वेळी मासे आणि जिवाणू दोघांची भूक वाढलेली असते. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री तोच परत ओढतं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडत असतील आणि नऊ-दहा वाजता ठीक दिसत असतील तर रोग नाही, हवा कमी आहे. निम्म्या तळ्यावर हिरवी शेडनेट टाका. वाफ्यातून परतणारं पाणी वितभर उंचीवरून पडू द्या, त्या धबधब्याने बरीच हवा मिसळते.

पाणी वाचतं का? मातीतल्या वाफ्यापेक्षा नक्कीच, कारण झिरपून काही जात नाही. पण माझं तळं उन्हाळ्यात रोज साधारण एक सेंटीमीटर उतरतं. ते भरताना नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या पिंपात काढून ठेवायचं, म्हणजे क्लोरिन उडून जातं.

वीज गेली की तळ्यात मासे कमी असतील तर काही तास निभावतं. दाट मासे असतील तर अर्ध्या तासात फरक पडतो. बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप याच दिवसांसाठी घेऊन ठेवा. तोही नसेल तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून ओतत राहा, आणि त्या दिवशी खाद्य अजिबात घालू नका. भरल्या पोटी माशाला ऑक्सिजन जास्त लागतो.

खरी परीक्षा दिवाळीत किंवा मे महिन्यात, आठ दिवस गावाला जाताना. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, त्यांना काही होत नाही. झाडंही पाण्यात असलेल्या शिल्लकीवर भागवतात. पंप फिरत राहिला आणि तळं आधीच काठोकाठ भरलं तर बाकी काही करायला लागत नाही. धोका एकच, शेजारच्या काकांचा कनवाळू जीव. ते रोज भिंतीवरून डोकावतात, मासे त्यांना बघून तोंड वर करतात, आणि काकांना वाटतं बिचारे उपाशी आहेत. एकदा परत आलो तेव्हा अर्धा किलोची पिशवी संपलेली होती आणि तळ्याला वास येत होता. तेव्हापासून त्यांना घराची किल्ली देतो, पंपाचं बटण दाखवतो, आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवून त्या कपाटाची किल्ली बरोबर घेऊन जातो.